सुभेदारांच्या खिडक्या

नानासो सुभेदार पेन्शनीत आल्यापासून तसेही कुठं स्वस्थ बसत नसत, पण त्या साली दसऱ्यापासून त्यांना बूड टेकवणंच माहीत नव्हतं. चहाचा कप हातात आला की निघाले खिडकीपाशी. चौकटीत नख रुतवायचे, लाकूड भुसभुशीत लागलं की पुटपुटायचे आणि कप तिथंच विसरून पुढच्या खिडकीकडं वळायचे. घरात खिडक्या सात. त्यांची बायको साळूबाई सात ठिकाणचे कप गोळा करत हिंडायची आणि म्हणायची, ह्या माणसानं सीमेवर एका जागी उभं राहून पहारा दिला तरी कसा, देवच जाणे.

कारणही तसंच होतं. गाव कराडजवळ, आणि साखर कारखाना हाकेच्या अंतरावर. दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटला की काजळी उडायला लागते, अंगणात, वाळत घातलेल्या धुण्यावर, सगळीकडं. मागच्या डिसेंबरात मुलगा ऋषिराज, सून सृष्टी आणि पाच वर्षांची नात प्रांजल पुण्याहून आठ दिवस म्हणून आले आणि चौथ्या दिवशी परत गेले. पोरीचा दमा उसळला होता. जाताना सृष्टी एवढंच म्हणाली, की अण्णा, हिला इथं आणायचं तर खिडक्यांचं काहीतरी करायला हवं. त्यानंतर पोरगी फिरकली नाही. व्हिडिओ कॉलवर आजोबाला टाटा करायची, बस्स. त्या टाटानं सुभेदारांच्या काळजाला घरं पडायची. ह्या हंगामात नात घरात आली पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

गावचा सुतार कृष्णात म्हणाला, सागासारखं दुसरं काही नाही. सुभेदारांना पटलं. दोन दिवस पटलेलं राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि आकसलं की फट पडलीच. कृष्णात बाद. मग कराडात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बघितल्या. दिसायला झक्क. दुकानदार गुण गात होता तोवर ह्यांनी खालच्या पट्टीतून बोट फिरवलं, तर बोट काळंकुट्ट. सरकायचं म्हटलं की मोकळी जागा आली, आणि जागा आली की धूळ आली. पुन्हा एसटी, पुन्हा घर. एकदा तर जेवता जेवता ताटावरून उठले, लोखंडी चौकटी बसवू म्हणाले, आणि हात धुवायच्या आत गंज आठवून परत पाटावर बसले.

शेवटी सांगलीला जाऊन यूपीव्हीसी बघितली. प्लास्टिकच्या खिडक्या म्हटल्यावर आधी त्यांनी नाकच मुरडलं होतं. पण दार मिटलं की कडेचं रबर गच्च दाबून बसत होतं. सुभेदारांनी खिशातून उदबत्ती काढली, पेटवली, पलीकडून पंखा लावायला लावला आणि मिटलेल्या खिडकीच्या कडेकडेनं उदबत्ती फिरवली. धूर जरासुद्धा हलला नाही. दुकानदार बघतच राहिला. हीच घालायची, ते म्हणाले. म्हणाले खरे, पण घरी आल्यावर पुन्हा जिवाला घोर. उन्हानं पिवळी पडली तर? वाकली तर? नमुन्याचा तुकडा गच्चीवर उन्हात ठेवला आणि दिवसातून चार वेळा जिना चढून त्याची चौकशी करायला लागले. साळूबाई म्हणाली, त्या तुकड्याला तरी जरा सुखानं राहू द्या.

खिडक्या बसल्या. बॉयलर पेटला. एके दिवशी उठल्या उठल्या सुभेदारांनी मिटल्या खिडकीवर आतून पांढरा रुमाल फिरवला, तो पांढराच निघाला. बाहेरच्या कट्ट्यावर मात्र काजळीचा थर. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला, आणि बोलताना आवाज कापरा झाला म्हणून स्वतःवरच चिडले.

मंडळी आली. प्रांजलला कडेवर घेऊन सुभेदारांनी सातही खिडक्या दाखवल्या. इतके खुशीत ते लेकाच्या लग्नातही नव्हते.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला पोरीची छाती वाजायला लागली. उशीवर बघितलं तर काजळीचे बारीक काळे कण. सुभेदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लबाडानं रबर हलकं घातलं! त्यांनी सांगलीला फोन लावून दुकानदाराच्या सात पिढ्यांची आठवण काढायला सुरुवात केली. साळूबाई पुढं आली आणि तिनं त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. पस्तीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं.

"आवं, त्या मानसाला कशापायी बोलताय?" ती म्हणाली. "पाचला उठून सगळ्या खिडक्या कुनी उगडल्या?"

सुभेदारांनीच उघडल्या होत्या. फौजेतली सवय ती. पाचला उठायचं, घरभर फिरून खिडक्या सताड उघडायच्या, झोपलेल्यांच्या अंगावर गार वारा सोडायचा. त्याशिवाय त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटतच नसे. मागच्या डिसेंबरातही तिन्ही दिवस त्यांनी तेच केलं होतं.

"मग मागच्या साली बोलली का न्हाईस?"

"तुमास्नी?" साळूबाई म्हणाली.

आतल्या खोलीत सृष्टी पिशवी भरत होती. ती हात न थांबवता बोलली. "अण्णा, मी खिडक्या बदला असं म्हटलंच नव्हतं. पहाटे उघडू नका, एवढंच सांगायचं होतं, पण तोंडातून निघेना. ह्यांना म्हटलं तुम्ही सांगा. हे म्हणाले, त्यापेक्षा आपण तिकडं जायलाच नको."

सुभेदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वणवण केली, सांगली पालथी घातली, आणि घरातलं एकही माणूस आपल्याला एक वाक्य सांगू शकलं नव्हतं.

"ऱ्हावा, पोरी," ते म्हणाले. "हुकूम न्हाई, इनंती करतोय. उद्या पाचला मी रानात जातो. खिडकी तू म्हनशील तवाच उगडंल."

सृष्टी थांबली. तिनं पिशवी खाली ठेवली. उद्याची सकाळ बघू, म्हणाली.

कोपऱ्यात ऋषिराज उभा होता. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण नजर जमिनीला. सुभेदारांना त्याला काहीतरी म्हणायचं होतं. त्याच्या खांद्यावर ठेवावा म्हणून त्यांनी हात उचलला, आणि हात वर गेला तसा तो झटकन मागं सरकला.