वहिनीचा वजनकाटा

वहिनी कॅरॅव्हॅन ओढायला शिकली, याचं माझ्या दादाला कौतुक कमी आणि धास्ती जास्त होती. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि कुरकुरणारी कपाटं. दादाने जन्मभर बस चालवली आणि सुट्टी मिळाली की हे घर ओढत तळ्याकाठी नेलं. वहिनी शेजारी बसायची, दादाचा फोन मांडीवर घेऊन. कुणाचाही फोन आला की तिचं उत्तर ठरलेलं, "ते गाडी चालवताहेत. थांबले की विचारून सांगते." आणि दादा थांबायचा तो थेट तळ्यावरच.

यंदा दादाच्या एका डोळ्याची नजर गेली. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्याने लगोलग गॅरेजवाल्याला बोलावून कॅरॅव्हॅन दाखवली. वहिनी म्हणाली, "विकायची कशाला? मी शिकते." दादा हसला. ती खरोखरच क्लासला जायला लागली तेव्हा त्याचं हसणं बंद झालं. शेवटी ठरलं, की वहिनीने एकदा तळ्यापर्यंत नेऊन दाखवायची. नीट नेली तर कॅरॅव्हॅन राहील, नाहीतर सोमवारी गॅरेजवाला घेऊन जाईल.

पंच म्हणून मला सोबत घेतलं. मी दादाची धाकटी बहीण. मी आपल्याच बाजूची आहे असं दोघांनाही वाटतं, आणि मी दोघांचाही भ्रम मोडत नाही.

आदल्या दिवशी वहिनीने सामान भरलं. मी भांडी पुसून देत होते. जड ते खाली आणि चाकांच्या वर, हलकं ते वरच्या कपाटात, अगदी मागच्या टोकाला फक्त उशा आणि चादरी. सगळं झाल्यावर तिने बाथरूममधला वजनकाटा बाहेर आणला. त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांड्याचं टोक त्यावर टेकवलं.

"दांडा गाडीच्या हुकावर चांगला दाबून बसायला हवा," ती म्हणाली. "हलका राहिला की मागची बाजू शेपटीसारखी हलायला लागते."

दादा दारात उभा होता. "इतकी वर्षं मी काय काटा घेऊन फिरत होतो?" तो म्हणाला. मग तो आत निघून गेला.

"विकली ना, तर हे दिवसभर खिडकीशी बसतील," वहिनी खालच्या आवाजात मला म्हणाली. "आणि मी ह्यांच्याकडे बघत बसेन. मला ते नको आहे."

सकाळी आम्ही निघालो. दादा गाडीत बसला तेव्हा घामाघूम झाला होता. सामान सगळं आदल्या दिवशीच भरलेलं, मग हा कसला घाम, असं माझ्या मनात आलं. पण पहिल्याच वळणाला त्याने सूचनांचा सपाटा लावला आणि घाम राहिला बाजूला. "आरसा बघ. अंतर ठेव. अगं, गिअर." वहिनी हूं म्हणत होती आणि आपल्याच गतीने चालवत होती. मागच्या गाड्या वैतागून पुढे जात होत्या.

मोठ्या रस्त्याला उतार लागला. बाजूने एक ट्रक भरधाव गेला, आणि त्याच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅनला धक्का बसला. एवढ्याने काही व्हायला नको होतं. पण कॅरॅव्हॅन डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. आमची गाडीही तिच्याबरोबर हेलकावे खायला लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"ब्रेक मार," दादा म्हणाला आणि त्याचा हात हँडब्रेककडे गेला.

"हात मांडीवर ठेवा," वहिनी म्हणाली.

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. तिने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेकला स्पर्शही केला नाही. मला वाटलं, आता आपण खड्ड्यात. पण गाडीचा वेग उतरत गेला, तसे हेलकावे लहान झाले आणि थांबले. पुढे रुंद, सपाट जागा दिसली तिथे तिने गाडी बाजूला घेतली.

"बघितलंस?" दादा माझ्याकडे वळून म्हणाला. "म्हणूनच मी सांगत होतो." माझ्या तोंडावर आलं होतं, की आत्ता तुझं ऐकलं असतं तर सांगायला उरला नसतास. पण पंच होते, म्हणून मूग गिळून बसले.

वहिनी खाली उतरली. कॅरॅव्हॅनच्या चाकांना तिने ठोकळे लावले, हुक सोडला आणि आतून वजनकाटा काढून दांडा त्यावर टेकवला. आकडा बघितला, दांडा उचलून पुन्हा टेकवला आणि पुन्हा बघितला.

"कालच्या निम्माही नाही," ती म्हणाली. "मागे काहीतरी जड आहे."

तिने मागचं कपाट उघडलं. उशांच्या खाली दादाची हत्यारांची लोखंडी ट्रंक होती. शेजारी जॅक, जुनी बॅटरी आणि गाडी बंद पडल्यावर ओढून न्यायचा जाड दोर.

आता घामाचा उलगडा झाला. मला दादाचा संताप आला, आणि त्याचं तोंड बघून तितकीच कीवही आली.

"मी काल वजन करून ठेवलं होतं," वहिनी म्हणाली.

"पाहिलं होतं मी."

"मग?"

"पटलं नव्हतं," दादा म्हणाला. "वाटेत तू अडकलीस तर हाताशी असावं म्हणून निघायच्या जरा आधी ठेवलं. नजरेला पडू नये म्हणून मागे."

वहिनी रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही.

"मी अडकणारच, असं धरून चालला होतात," ती म्हणाली.

दादाने होकारार्थी मान हलवली. मग ट्रंकेच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "बस असती तर मी ब्रेकच मारला असता. मघाशीही मारणार होतो."

"माहीत आहे."

"मारला असता तर आपण उलटलो असतो."

"हो," वहिनी म्हणाली.

बाजूने गाड्या जात होत्या. दादाने वाकून ट्रंक उचलली, पोटाशी धरली आणि तसाच उभा राहिला.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

वहिनीने पलंगाखालची जागा दाखवली, बरोबर चाकांच्या वरची. ट्रंक तिथे गेली, मग बॅटरी आणि जॅक. दोर तेवढा त्याच्या हातात राहिला. तो वजनाने काही फार नव्हता, तरी दादाने तोही तिला विचारूनच ठेवला. तिने पुन्हा काटा लावला, आकडा बघितला आणि हुक जोडला.

उरलेला उतार आम्ही सावकाश उतरलो. मोठमोठे ट्रक बाजूने गेले, पण कॅरॅव्हॅन निमूटपणे मागून येत राहिली. दादा सूचना देत नव्हता. त्याचा फोन त्याच्याच मांडीवर होता. तळं दिसायला लागलं तेव्हा तो वाजला. पलीकडे गॅरेजवाला होता, त्याचा आवाज मला मागच्या सीटवरही ऐकू आला. सोमवारी कॅरॅव्हॅन न्यायला किती वाजता येऊ, असं तो विचारत होता.

दादाने वहिनीकडे पाहिलं. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.

"ती गाडी चालवतेय," दादा फोनवर म्हणाला. "थांबली की विचारून सांगतो."