आण्णांच्या फ्लेक्सखाली

आपत्ती आली की पोरींनी कुठं जमायचं, हे कासुर्डीजवळच्या त्या मुलींच्या कॉलेजात प्राचार्यांनी एकट्यानं ठरवून टाकलं होतं. गेटाजवळचं मैदान. तिथं हिरवी पाटी लागली, पोरींना रांगेत उभं करून फोटो निघाले, सायरन वाजला की सगळ्यांनी इथंच यायचं असं फर्मान सुटलं. मग संस्थापक आण्णांचा वाढदिवस आला आणि त्याच पाटीच्या डोक्यावर, दोन मजली लोखंडी सांगाड्यावर, आण्णांचा फ्लेक्स चढला. आण्णा हात जोडून हसतायत, पायाशी शुभेच्छुकांची रांग. वाढदिवस कधीच होऊन गेला, पण फ्लेक्स उतरवायची कुणाची छाती नव्हती.

नीलम मॅडमनी एकदा विषय काढला होता. "सर, वारं सुटलं तर ते धूड पोरींच्या अंगावर येईल."

"आण्णांना कोण सांगणार? तुम्ही?" प्राचार्य हसले.

नीलम तासिका तत्त्वावरची. दर जूनला नवी ऑर्डर मिळाली तरच घर चालायचं. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याची तिला प्राचार्यांपेक्षा जास्त किळस आली.

मे महिन्यात, भर परीक्षेत, दौंडच्या अंगानं आभाळ भरून आलं. खिडक्या धडाधड आपटायला लागल्या, विजा कडाडल्या, आणि प्राचार्यांनी मोठ्या अभिमानानं सायरन वाजवला. भूकंपात घराबाहेर पळतात, एवढंच त्यांनी कुठंतरी वाचलेलं. तेच वादळालाही लावून मोकळे झाले.

पुढच्या बाकावरची धनश्री पेन ठेवून उठली. "मॅडम, मैदानात जायचं ना?"

"कुणी हलायचं न्हाई. खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीला बसा." नीलम दारात आडवी उभी राहिली.

प्राचार्य धावत आले. "मॅडम, रांगेत तुमचा वर्ग पहिला. तुम्ही निघाल्याबिगर मागचे वर्ग कसे निघतील?"

"म्हणून तर उभी हाय."

ते पुढं काही बोलणार, तोच मैदानावर कर्रकन आवाज झाला. सांगाडा मधूनच वाकला आणि आण्णांना घेऊन हिरव्या पाटीवर आडवा झाला. पाटी दिसेनाशी झाली. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. आता तरी माणसासारखं काही बोलतील, असं नीलमला वाटलं.

त्यांनी फोन लावला, दोन्ही हातांनी धरून. "व्हय आण्णा. फ्लेक्स पडला. न्हाई न्हाई, तुमचा चेहरा शाबूत हाय." मग तिच्याकडं वळले. "मॅडम, चार-पाच पोरी द्या. फ्लेक्स भिजतोय, आडोशाला आणायचाय."

वारा थांबलेला नव्हता. सांगाड्याचा उरलेला भाग एका खांबाला लोंबकळत होता.

"पोरी मिळायच्या न्हाईत."

"जूनची ऑर्डर माझ्या सहीनं निघते. ध्यानात हाय ना?"

या माणसाला आपण इतकी वर्षं भीत होतो, याचंच तिला नवल वाटलं.

"हाय की," नीलम म्हणाली. "नका काढू."

आणि दार लावून तिनं आतून कडी घातली.