कोपऱ्यातला खळगा

संग्रहालयात चित्रांची नोंद करणाऱ्या बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. कापड कुठलं, रंग कशात कालवला, भेग कुठे पडली, सगळं त्या टिपून ठेवत. घोडं अडलं ते स्वतःच्या बाबांनी काढलेल्या चित्रापाशी. त्याचे पापुद्रे सुटत होते, आणि रंगाखालचा पांढरा थर कशाचा आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीवाले ते चिकटवायला तयार नव्हते. ते फक्त बाबांना ठाऊक होतं, आणि बाबांना आताशा आपण जेवलो की नाही हेही आठवत नव्हतं.

विचारून विचारून बाई थकल्या. बाबा कधी चुना म्हणत, कधी हसून विषय बदलत. उभ्या आयुष्यात या माणसाने आपल्या कृतीचा कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता. बाईंना त्यांचा राग येई, आणि मग त्या रागाची लाज वाटे.

शेवटी त्यांनी प्रश्नांचा नाद सोडला. जुनी चौकट, कापड, सरस, खडूची पूड असं सगळं स्वयंपाकघरात मांडून बाबांना समोर बसवलं. हात काही विसरले नव्हते. बाबांनी कापड ठोकलं, सरस कोमट केला, खडू चाळून घातला, वर जवसाचं तेल थेंब थेंब सोडलं. बाई भराभर लिहीत होत्या. चित्र वाचणार म्हणून त्यांना हायसं वाटलं.

"लिहीत काय बसलीस? धर की," बाबा म्हणाले.

खिळे ठोकण्यात बाबांचा हात पहिल्यापासून कच्चा. डावा कोपरा सुटलाच होता. त्यांनी बाईंचा अंगठा ओढून तिथे दाबला. "हलू नकोस. दरवेळी हलतेस तू."

ते आईशी बोलत होते. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

कुंचला अंगठ्याभोवती फिरला, थर चढत गेला, आणि बाईंनी तो कोपरा ओळखला. संग्रहालयातल्या चित्राच्या याच कोपऱ्यात अंगठ्याएवढा खळगा होता. त्यांनीच त्याची 'इजा' म्हणून नोंद केली होती. तेवढं काम सोपं म्हणून दुरुस्तीवाल्यांनी कडा तासून, तो बुजवून, कोपरा कधीच सपाट केला होता. आईच्या हाताची तेवढीच एक खूण उरली होती, आणि ती लेकीनेच पुसायला लावली होती.

"बसला थर," बाबा म्हणाले. "सोड आता."

बाईंना अंगठा उचलवेना.