चौमुखी बाबांची एकच वायर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. चार कोपऱ्यांत चार माणसं स्टुलांवर बसली होती. चौघांच्या डोळ्यांवर रुंद पांढरी पट्टी, आणि ती कानांवरूनही घट्ट गुंडाळलेली. मधल्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आतच पहिला कोपरा बोलला, "तुझा मुलगा..."

"...दूर देशी आहे..." दुसरा म्हणाला.

"...आणि फोन करत नाही," तिसऱ्यानं वाक्य पुरं केलं.

चौथ्या कोपऱ्यात खुद्द चौमुखी बाबा. ते गरजले, "महिन्याभरात करील!"

आजोबा ढसाढसा रडले. लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. एका वाक्याला चार तोंडं लागतात, हे मी तोवर फक्त आमच्या संचालक मंडळाच्या बैठकीत पाहिलं होतं. आणि महिन्याभरात एक फोन तर आळशातला आळशी मुलगाही करतो. पण मी पडलो या सभागृहाचा व्यवस्थापक. कुलपं उघडायची, कुलपं लावायची आणि मधल्या वेळात मूग गिळून बसायचं, हे माझं काम.

त्या दिवशी मात्र गप्प बसवत नव्हतं, कारण तिसऱ्या रांगेत माझी वहिनी बसली होती आणि तिच्या शेजारी माझी पुतणी, चिमी. चिमीला फिट यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या. तर मागच्या सभेत बाबांनी सांगितलं, "पोरीला बाधा आहे. गोळ्या बाधेला पोसतात." आज वहिनी त्या गोळ्या सर्वांसमोर बाबांच्या पितळी घंगाळात सोडणार होती. दादानं समजावलं, हात जोडले, आरडाओरडा केला. शेवटी तो थकला आणि घरीच बसला.

मागच्या सभेत आणखीही एक गंमत झाली होती. कोपऱ्यांची सरमिसळ झाली. गुडघेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांना तुम्हाला जुळं होईल असं सांगण्यात आलं. बाबा कडाडले, "सभेत बाधा शिरली आहे!" आणि पहिल्या रांगेतल्या एका बिचाऱ्या बाईला बाहेर काढलं.

बाईला काढून भागलं नसावं. कारण आज सकाळी बाबांचे पट्टशिष्य माझ्या बहिणीला भेटायला आले. ती इथली ध्वनियंत्रणा सांभाळते. या कामात आपल्या तोडीचं कुणी नाही, हे ती न विचारताच सांगते.

"ताई, खरखर येते. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळतो," पट्टशिष्य म्हणाले.

मंचामागच्या खोलीत, जिच्या झरोक्यातून सगळं सभागृह दिसतं, फळीवर चार ट्रान्समीटर, म्हणजे बिनतारी आवाज सोडणाऱ्या पेट्या होत्या आणि त्यांच्या चार अँटेना डोक्याला डोकं लावून उभ्या होत्या.

"मिसळणारच," बहीण म्हणाली. "इतकं चिकटवलंत की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या अँटेनातून आत घुसतो आणि दोघांचं मिळून भलतंच तिसरं बाहेर पडतं. कम्बायनर लावते."

"ते काय असतं?"

"एक डबा. चारही पेट्यांच्या वायरी त्यात येतात. तो त्यांना एकमेकांत लुडबुड करू देत नाही आणि चौघांचं बोलणं एकाच अँटेनातून बाहेर सोडतो."

"वा! चार वाणी, एक स्रोत! हेच तर बाबांचं तत्त्वज्ञान!"

"हे सगळं कुणाच्या कानांसाठी आहे?"

"गायकांच्या."

"गायक कुठायत?"

"येतील," असं म्हणून पट्टशिष्य सटकले.

गायक आलेच नाहीत. बहिणीनं चारही पेट्या डब्याला जोडल्या, चौघांच्या लहरींत नीट अंतर ठेवलं आणि मंचाच्या कडेला स्टँडवर एकच अँटेना लावली. लोक आत येत होते तेव्हा रिसीव्हर कानाला लावून ती रांगांमधून फिरली. खरखर गायब होती. उलट एक आवाज अगदी स्वच्छ आला: "तिसरी रांग, हिरवा स्वेटर. मुलीला फिट येतात. गोळ्या पर्समध्ये."

ती रागानं लाल होऊन माझ्याकडे आली. "अरे, आत्ताच पाहिलं मी, चपला ठेवायच्या खिडकीवर सेवक गोड गोड बोलून सगळ्यांच्या घरची दुखणी काढून घेतात. मागच्या खोलीतून ती या लोकांच्या कानात जातात. बाधा कसली, सगळा चोरीचा माल आहे!"

"वहिनीला सांगू?"

"तुझं ऐकेल ती? बाबांच्याच तोंडून ऐकू दे. माझा रिसीव्हर स्पीकरला जोडून ठेवलाय. मी मान हलवली की कळ वर सरकव."

आजोबांनंतर वहिनी उठली. तिची मूठ गोळ्यांच्या पाकिटावर आवळलेली होती. मी कळीवर बोट ठेवलं.

"तुझी मुलगी..." पहिला कोपरा.

"...हिला झटके येतात..." दुसरा.

तिसऱ्यानं तोंड उघडलं. बहिणीनं अँटेनाची वायर फिरवून काढली. तोंड उघडंच राहिलं. सगळ्या माना चौथ्या कोपऱ्याकडे वळल्या. बाबांच्याही कानातलं बोलणं बंद झालं होतं. अखेर बाबा स्वतःच्या अकलेनं जे बोलता येत होतं ते बोलले, "बाधा! सभेत बाधा आहे!"

"आहे ना बाबा," वायरीचं टोक उंच धरून बहीण म्हणाली. "ही काय, माझ्या हातात."

तिनं वायर परत जोडली आणि मान हलवली. मी कळ वर सरकवली. सभागृहभर पट्टशिष्यांचा आवाज घुमला, "अरे बोल ना ठोंब्या! पूर्वजांचा कोप म्हण! आणि ती ताई काय करतेय? वायर सोड म्हणावं तिला!"

तिसरा कोपरा सवयीनं, भक्तिभावानं म्हणाला, "वायर सोड म्हणावं तिला!"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं, आणि हसता हसता चिडलं. आजोबांनीच पुढे होऊन जवळच्या कोपऱ्याची पट्टी ओढली. कानातून शेंगदाण्याएवढं यंत्र खाली पडलं. आजोबांनी ते उचलून तळहातावर घेतलं. "मीच त्या खिडकीवर सांगितलं होतं," ते म्हणाले. "मुलाबद्दल."

वहिनी अजून उभीच होती. "मग चिमीला बाधा नाही?"

"आजार आहे, वहिनी," बहीण म्हणाली. "गोळी का दिली, किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना खुशाल विचार. त्यांना सांगता येतं. या बाबांना 'तुम्हाला हे कळलं कसं?' एवढंच विचारून बघ."

वहिनीनं विचारलं. भर सभेत, मोठ्यानं. बाबा मागच्या दारानं निघाले होते.

माझं तुम्हाला इतकंच सांगणं आहे. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर भारावून जायच्या आधी तेवढा एक प्रश्न विचारा. जो त्यावर चिडतो, त्याच्या हाती आपल्या लेकराचं औषध देऊ नका.

"आई," चिमी म्हणाली, "माझी गोळी राहिलीय."

घंगाळ तसंच कोरडं पडून होतं. वहिनी खाली बसली. तिनं मूठ उघडली, चुरगळलेलं पाकीट मांडीवर सरळ केलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, जरा पाणी आणता?"