मोकळं झालेलं यंत्र

ताईच्या फुप्फुसांना जे इंजेक्शन लागायचं, ते धाकटीच्याच कारखान्यात बनायचं. तरी ते दुकानांत मिळेनासं झालं होतं. घोडं अडलं होतं सुकवणाऱ्या यंत्रापाशी. कुप्यांमधलं औषध गोठवायचं आणि यंत्रातली हवा ओढून घ्यायची, म्हणजे बर्फ न वितळता सरळ वाफ होऊन जातो आणि तळाशी कोरडं औषध उरतं. पण बर्फ नेमका कधी संपला ते बाहेरून कळत नसे. म्हणून यंत्र अंदाजानं जास्तच चालवत.

"तो वेळ वाचवला तर औषध दुप्पट निघेल," धाकटी साहेबांना म्हणाली. ती तिथं इंजिनिअर होती.

"करून दाखवा."

तिनं कुप्यांत केसाएवढे सेन्सर सोडले. कडेच्या कुप्या आधी सुकायच्या, मधल्या रेंगाळायच्या. एकदा घाई नडली, अख्खी बॅच चिकट होऊन बसली आणि तिला सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली. तरी ती मागे हटली नाही. वर्षाअखेरीस वेळ निम्म्यावर आला. साहेबांनी तिचा फोटो दाराशी लावला.

पुढच्याच आठवड्यात यंत्रात वेगळ्या कुप्या चढल्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन होतं ते.

"आणि फुप्फुसांचं?" तिनं विचारलं.

"पूर्वीइतकंच. त्यात सुटतं काय? तुम्ही यंत्र मोकळं केलंत म्हणून तर हे घेता आलं."

"माझ्या बहिणीला लागतं ते."

साहेबांना खरंच वाईट वाटलं. "अहो, मग आधी बोलायचं ना. एक खोकं बाजूला काढलं असतं."

पुढच्या बॅचमधलं खोकं त्यांनी आठवणीनं दिलंही. पण तोवर डॉक्टरांनी वाट पाहणं सोडून ताईला दुसरं औषध सुरू केलं होतं. त्यानं खोकला गेला. जाताना कान घेऊन गेला.

धाकटीनं नोकरी सोडली नाही. सुरकुत्यांच्या औषधाचा वेळही आता तीच कमी करते आहे.

एकदा ताई ओट्याशी भांडी घासत होती. धाकटीनं मागं बसून सगळं सांगून टाकलं, साहेबांचं ते खोक्याचं बोलणंसुद्धा. ताई घासतच राहिली. मग वळून म्हणाली, "अगं, कधी आलीस? चहा टाकू?"

"टाक," धाकटीनं मान हलवली.