बसा, मुखरूभाऊ

मी एक जुना स्टूल आहे, मित्रांनो. सावली गावच्या एका राईस मिलमधला. सागाचा आहे, म्हणून अजून टिकलो. बुधू सुताराने मला घडवलं ते बसण्यासाठी नव्हे, उभं राहण्यासाठी. धानाच्या पोत्यांची थप्पी डोक्याच्या वर गेली की मुखरूभाऊ हमाल माझ्यावर चढायचे, खालून पोतं घ्यायचे आणि वरच्या थरात नीट बसवायचे. "मुखरूभाऊची थप्पी म्हंजे भिंत हाय," असं टोळीतली पोरं म्हणत. ते ऐकून मीही फुगायचो. निम्मा भार माझ्याच पायांवर होता ना!

मिलमध्ये एक रीत आहे. नव्या हंगामाच्या पहिल्या पोत्याला हळदीकुंकू लावतात आणि टोळीतला सगळ्यात जुना हमाल ते थप्पीच्या तळाशी ठेवतो. पुष्कळ वर्षं तो मान मुखरूभाऊंचा होता.

यंदा मालकांचा मुलगा अतुल कारभार पाहू लागला. पोरगा मनाने वाईट नाही. मुखरूभाऊंचे गुडघे गेलेले त्याने पाहिले, पगार तोच ठेवला आणि मला उचलून फाटकाशी नेलं.

"बसा, मुखरूभाऊ. आता आराम करा."

"बसतो जी. पण पयलं पोतं मले ठेवू द्या. मंग म्हणाल तिथी बसतो."

"पडले-बिडले तर? टोळीतला तरणा सुरज आहे, तो ठेवेल ना."

वर त्याने त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! सुरजने पोत्याला हात घातला तसे मुखरूभाऊ सवयीने उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला. मग त्यांना आठवलं. ते हळूच परत बसले. पोत्यासकट माझ्यावर उभे राहायचे तेव्हाही ते मला इतके जड लागले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, नंतरही नाहीत.

मला फार वाईट वाटतं, मित्रांनो. माणूस थकला तर त्याचं ओझं जरूर हलकं करा. पण आधी त्याला विचारा, यातलं काय तुमच्याकडे राहू देऊ? हे अतुलला कुणीतरी सांगायला हवं. मला तोंड नाही.

काल त्याने झाडणाऱ्या म्हाताऱ्या रंभाबाईंना फाटकाशी बोलावलं. मला स्वतः फडक्याने पुसलं.

"बसा, बाई."

रंभाबाईंनी झाडू दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"नाई जी," त्या म्हणाल्या, "मी उभीच बरी आहो."