भाता कोणी ओढायचा

उत्तमरावांच्या ऑर्केस्ट्रात पंधरा वर्षं पेटी मी वाजवली. शहाण्णव साली त्यांनी विजेवरचा कॅसिओ कीबोर्ड आणला आणि त्यावर बसवलं कानिफनाथला. हा माझा शेजारी. केडगावात आमच्या दोघांच्या खोल्यांत एकच भिंत. त्याला सारेगम मीच शिकवलं, हे तो चारचौघांत आपणहून सांगायचा. त्याचाच जास्त राग यायचा. त्यानं लपवलं असतं तर मला बोंबलायला तरी मिळालं असतं.

त्याच सुमारास सुप्याच्या एका कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे ठरले. साहेबांना जेवताना जॅझ पियानो पाहिजे होता. उत्तमरावांनी जन्मात कशाला नाही म्हटलेलं नाही. पियानोच्या जागी कॅसिओ चालेल असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि वाजवणाऱ्यासाठी काळा कोट शिवायला टाकला. कोट एकच. महिन्याभरानं दोघांचं ऐकायचं, ज्याचं बरं त्याचा कोट. माप मात्र कानिफचं घेतलं, अंदाजासाठी.

मला तो कोट पाहिजे होता. नाही मिळाला तरी चालेल, पण कानिफच्या अंगावर नको होता.

कानिफनं पुण्याहून जॅझच्या बोटांच्या व्यायामाचं पुस्तक आणलं. एकच तुकडा बाराही पट्ट्यांत चढवायचा, उतरवायचा; उजवा हात एक बोलणार, डावा दुसरंच. रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडं सुरू. वर मला विचारतो, "दादा, तुम्हाला झेरॉक्स काढून देऊ का?" मला काय गरज, असं म्हणून मी घरात आलो, भिंतीला पितळी पेला लावला, पेल्याला कान लावला आणि एकेक व्यायाम वहीत उतरवायला बसलो.

घोळ झाला डाव्या हाताचा. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता ओढतो, त्याला सुरांची ओळखच नाही. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले की पेटी मुकी. शेवटी बायकोला, विजयमालाला, पेटीमागं भात्यावर बसवलं. ती एका हातानं भाता ओढायची, दुसऱ्यानं तांदूळ निवडायची. खडा दिसला की थांबायची, मग राहिलेलं भरून काढायला दणकन ओढायची. माझं सगळं लांब-आखूड, लांब-आखूड वाजायचं.

एकसारखं ओढ म्हटलं तर म्हणाली, "एकसारखं पायजे तर पंख्याचं बटन दाबा."

महिन्यानं उत्तमरावांच्या ओट्यावर परीक्षा झाली. आधी कानिफ बसला. एक सूर चुकला नाही, पण वाटलं टायपिंगचा क्लास चाललाय. उत्तमरावांनी जांभई दिली. मला इतकं बरं वाटलं की मी त्याची पाठ थोपटली.

मग मी बसलो. चार सूर छान गेले आणि डावा हात सवयीनं कॅसिओच्या मागं गेला. तिथं भाता नव्हता, वायर होती. तो तीच ओढत बसला. कॅसिओ बंद.

विजयमाला समोर बसली तर जमेल, असं मी काकुळतीला येऊन सांगितलं. ती ऐकायला आलीच होती, येऊन बसली. ओढायला काही नाही म्हणून कॅसिओच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर तळहात घासायला लागली, तसंच, लांब-आखूड. खस्स-खस, खस्स-खस. उत्तमराव सावरून बसले. मला हातानंच थांबवलं आणि म्हणाले, "कानिफ, तू वाजव रं वहिनीसंगं."

कानिफनं वाजवलं. तोच व्यायाम, तीच बोटं, पण आता सगळं झुलायला लागलं. माझा पाय आपोआप ताल धरत होता. मी त्याच्यावर दुसरा पाय देऊन उभा राहिलो.

"ह्येच जॅझ," उत्तमराव म्हणाले. त्यांनी जॅझ कधी ऐकलेलं नव्हतं, पण दुर्दैवानं बरोबर बोलले.

कोट कानिफला झाला. विजयमालाला काळी साडी, त्याच्या कोटाला शोभेल अशी. सुप्याचे पाहुणे उठून टाळ्या वाजवत होते म्हणे. पुढच्या आठवड्यात राहात्याला बोलावणं आलं. आता सकाळी सहाला भिंतीपलीकडून दोघांचं ऐकू येतं, पेला लावावा लागत नाही.

परवा ती निघाली तेव्हा मी पेटी काढून बसलो आणि म्हटलं, जरा घटकाभर बस की भात्यावर.

ती खोकं काखेत मारून उंबऱ्यात थांबली. "माझी तालीम हाय. तुमचा भाता तुमीच वढा. आन् तांदूळ तेवढं निवडून ठिवा."